रायफलला चालेल असं राज्य

कोल्हापुरातून निघाले त्या सकाळी गाडीत सामान भरून झालं होतं, ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला होता, आणि आमचे आबा अंगणात उभे राहून मला क्लबविषयी सांगत होते. आबा म्हणजे माझे वडील. शाळेत भूगोल शिकवायचे, एनसीसी सांभाळायचे आणि संध्याकाळी रेंजवर पोरापोरींना रायफल शिकवायचे. त्या पोरींत मीही होते. लग्नाला वर्ष झालं होतं, नवरा अभिजित नोकरीसाठी आधीच वेलिंग्टनला पोचला होता आणि मी मागून निघाले होते. बाकीच्यांचे वडील अशा वेळी पासपोर्ट घेतलास का, विचारतात. आबा म्हणाले, "मीनल, तिथं गेल्यावर आधी क्लब शोध. घराचं काय, अभिजितराव बघतील." आईनं मेतकुटाचा डबा हातात कोंबला आणि कानाशी येऊन पुटपुटली, "बंदुकीचं कुणाला सांगत बसू नको बाई. लोक काय समजतील!"

गेले काही महिने कोल्हापूरहून आणि पुण्याहून एकच प्रश्न येतोय. अभिजित ब्रिस्बेनला आणि तू अजून पोरिरुआतच, भानगड काय आहे? भानगड सांगते. तिथे राहिलेल्यांसाठी सांगते, आणि माझ्यासारखे बाहेर पडून आता आणखी पुढे ऑस्ट्रेलियाला जायच्या गोष्टी करणाऱ्यांसाठीही सांगते. फक्त मधे बोलू नका, मला एकदा सलग सांगू दे.

आबांचं ऐकलं मी. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआत आमच्या घरात धड पडदे नव्हते तेव्हा माझं क्लबात नाव लागलं होतं. लांबट पत्र्याचा हॉल, एका टोकाला हीटर, दुसऱ्या टोकाला टार्गेटं, आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी चटईवर पालथे पडलेले आठ-दहा जण. बहुतेक म्हातारे. त्यातली जून नावाची बाई सगळ्यांना चहा द्यायची आणि सगळ्यांपेक्षा चांगला नेम धरायची. पहिल्या दिवशी तिनं माझं टार्गेट डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि म्हणाली, "स्वीट ॲज!" मला वाटलं चहात साखर हवी का विचारतेय. मी म्हटलं, नको. इथे त्याचा अर्थ 'एकदम झकास', हे नंतर कळलं.

कोल्हापुरात मी क्लबची रायफल वापरायचे. स्वतःची असेल असं कधी मनातही आलं नव्हतं. इथे लायसन मिळालं की घेता येते. पण लायसन देण्याआधी हे लोक तुमच्याशी बोलतातच, शिवाय तुमच्या घरातल्या माणसाशीही बोलतात, वेगळं, तुम्हाला बाहेर बसवून. आणखी बाहेरचं एक ओळखीचं माणूस लागतं. पहिल्या वेळी माझ्यासाठी बोलले ते अभि आणि जून. चौकशीला आलेल्या गृहस्थांना अभि म्हणाला होता, "शी शूट्स मच बेटर दॅन शी ड्राइव्ह्ज." ते गेल्यावर त्यानं मला शब्दन् शब्द सांगितला आणि आम्ही पोट धरून हसलो. रायफलची तिजोरीही त्यानंच गॅरेजच्या भिंतीला बोल्ट मारून पक्की केली. आईला मी फोनवर सांगितलं, जावई लाखात एक मिळाला तुला.

मग क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये तो गोळीबार झाला. आमची सई तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. कायदा कडक झाला, धडाधड गोळ्या सुटणाऱ्या बंदुका सरकारनं जमा करून घेतल्या. माझी आपली साधी पॉइंट टू-टू रायफल, एक गोळी भरा, एक मारा. तिला धक्का लागला नाही. कायदा मला मनापासून पटला होता, आणि त्याच आठवड्यात मी अभिला विचारलंही होतं, "घरात नको वाटत असेल तर सांग, क्लबच्या तिजोरीत ठेवते." तो म्हणाला, "वेडी आहेस का?" हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे आमचे हेच साहेब म्हणाले की मी कधी विचारलंच नाही.

गेल्या वर्षी आबा गेले. तिकीट काढून, दोन विमानं बदलून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आले ती रिकामीच आले. सईसमोर रडायचं नाही म्हणून रविवारी दुपारी गॅरेजमध्ये जाऊन बसायचे, रायफल पुसायचे आणि रडून घ्यायचे. रायफल पुसायला किती वेळ लागतो? मला तास तास लागायचा. हे एका माणसाला माहीत होतं. त्याला मी एकदा म्हणाले, "अभि, कशातच काही वाटत नाही रे. सकाळी उठावंसंच वाटत नाही." तो माझ्या केसांतून हात फिरवत बसला. तेवढ्यानं मला बरं वाटलं होतं.

दरम्यान वेलिंग्टनमधली कामं आटली. आमच्या मंडळातली निम्मी घरं ऑस्ट्रेलियाला गेली, गणपतीला आरतीला टाळ वाजवायला माणूस मिळेना. अभि पूल बांधणारा इंजिनियर. त्याच्या कंपनीनं विचारलं, ब्रिस्बेन, पर्थ की सिडनी? तो घरी येऊन म्हणाला, "मीनल, तू ठरव. तुझ्या रायफलला चालेल ते राज्य घे. मला काय, नद्या सगळीकडेच आहेत."

सांगा, कोणत्या नवऱ्यानं बायकोला असं म्हटलंय? मी हवेतच होते. इथे न्यूझीलंडमध्ये सगळ्या देशाला एकच कायदा. तिकडे प्रत्येक राज्याचा वेगळा, एकाचं लायसन दुसऱ्याकडे जसंच्या तसं चालत नाही. पर्थच्या बाजूला माणशी किती बंदुका ठेवायच्या यालाच मर्यादा. मला एकच ठेवायची, त्यामुळे तक्रार नव्हती, पण बाकीची कागदपत्रं पाहून धाप लागली. सिडनीकडे क्लबात वर्षातून ठराविक वेळा हजेरी लावा, म्हणजे तुमचं कारण खरं. मी तर दर आठवड्याला जाणारी! ब्रिस्बेनकडे क्लबचं सदस्यत्व हवं, आणि बंदुकीसाठी पुन्हा वेगळी परवानगी. माझ्या समजुतीप्रमाणे सांगतेय हं, कुणी यावरून अर्ज करू नका. जेवताना माझं हेच चालायचं. सई वैतागून म्हणायची, "आई, नॉर्मल पीपल चूज बाय बीचेस." एक गोष्ट मात्र कुठल्याही राज्यात सुटत नव्हती: आधी कुठे लायसन नाकारलंय का? माझं इथलं लायसन नेमकं संपत आलं होतं. ते नव्यानं मिळालं की पुढचा रस्ता मोकळा होता.

त्यासाठी एका शनिवारी चौकशीला बाई आली. चांगली होती. मी चहा केला, चिवडा दिला, तो तिनं दोनदा घेतला. माझ्याशी स्वयंपाकघरात बोलली, मग अभिशी बाहेरच्या खोलीत. मी कपडे वाळत घालायला मागे गेले. पोरिरुआचा वारा, चिमटे उडत होते, आणि मी मजेत गाणं गुणगुणत होते.

त्यानंतरही महिनाभर मी राज्यं तपासत होते. अभि चहा आणून द्यायचा, खांद्यावरून वाकून बघायचा. "क्वीन्सलँडचं काय म्हणतेस? जमेल ना?" ब्रिस्बेनच्या एका क्लबला मी फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, "कम अलाँग, हीप्स ऑफ रूम!" मी अभिला मिठीच मारली. त्यानंही मारली.

मग त्या बाईचा फोन आला. आवाज अगदी मऊ. बोलण्यातून तुझ्या मनःस्थितीबद्दल काही गोष्टी पुढे आल्यात, पुन्हा भेटावं लागेल, तोवर निर्णय थांबवलाय. आणि तोवर रायफल क्लबच्या तिजोरीत ठेवशील का? कुणाच्या बोलण्यातून, ते मी विचारलं. ते सांगता येत नाही म्हणाली.

या वेळीही विचारलं होतं दोघांनाच, अभिला आणि जूनला. माझ्या मनात दुसरं नावच आलं नाही हो. आबा गेल्यावर क्लबात एकदा जूनसमोर माझे डोळे भरून आले होते. हिनंच सांगितलं. किती झालं तरी परकी. पुढच्या आठवड्यात रायफल तिजोरीत ठेवायला गेले तेव्हा ती कप घेऊन पुढे आली, तर मी मान फिरवून निघून आले.

त्याच आठवड्यात एकदा जेवताना माझा पट्टा सुटला. एवढी वर्षं तिच्या हातचे स्कोन खाल्ले, तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला डबे नेले, आणि ही बया माझ्या पाठीमागे असं बोलते! सई म्हणाली, "आई, चिल." अभि पोळीचा एकच तुकडा किती वेळ आमटीत बुडवत होता.

"जून नाही गं," तो म्हणाला.

"मग कोण?"

"मी बोललो."

सई ताट घेऊन उठली आणि आत गेली. मला आधी कळेचना काय म्हणतोय ते.

"काय बोललास?"

"तू म्हणाली होतीस तेच. उठावंसं वाटत नाही, कशात काही वाटत नाही. आणि गॅरेजमध्ये एकटी रायफल घेऊन बसतेस, तास तास. खोटं काहीच नाही बोललो मी, मीनल. मला भीती वाटत होती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"भांडण झालं असतं. म्हटलं, तेच नाही म्हणतील, विषय संपेल. तू कधी विचारलंस तरी का मला, घरात चालेल का म्हणून?"

बघा. मी एवढंच म्हणाले, "आणि मी तीन तीन राज्यांचे कायदे वाचत बसले होते, तेव्हा चहा कशाला आणून देत होतास? माहीत होतं ना तुला, यातलं काहीच होणार नाही ते?"

त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "तू खूश दिसत होतीस. आबा गेल्यापासून पहिल्यांदाच."

मी उठून ताटं विसळायला घेतली.

भीती वाटली म्हणून मी त्याला दोष देत नाही. अशी गोष्ट घरात असली की घरातल्या कुणालाही 'नको' म्हणायचा हक्क आहे, म्हणून तर कायदा त्यांना विचारतो. त्यानं मला सांगितलं असतं ना, की मीनल, मला तुझी काळजी वाटते, तर चपला घालून त्याच पावली रायफल क्लबात ठेवून आले असते. कदाचित त्याच्या गळ्यात पडून रडले असते. पण मी त्याच्या कुशीत जे बोलले ते त्यानं उचललं आणि चिवडा खाणाऱ्या परक्या बाईला दिलं. आणि मला दिला चहा. फसवलं त्यानं मला. दुसरा शब्द नाही, आणि सौम्य शब्द शोधायची माझी इच्छाही नाही.

जूनकडे जाऊन मी सगळं सांगितलं, तिच्यावर घेतलेला संशयही. ती "ओह, लव्ह" म्हणाली आणि चहा ओतला. चौकशीची बाई पुन्हा आली तेव्हा तिच्याशीही मी मोकळेपणानं बोलले. आबांविषयी, गॅरेजविषयी, सगळं. डॉक्टरकडेही जाऊन आले. शेवटी लायसन मिळालं. रायफल क्लबातच ठेवते असं मी आपणहून सांगितलं. म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं तुम्ही म्हणाल. अभिही तेच म्हणतो.

तो ब्रिस्बेनला गेला. सईच्या शाळेचं वर्ष संपेपर्यंत आम्ही इथे राहतो असं मंडळात सांगितलंय. आता कायदे तो वाचतो. संध्याकाळी फोनवर सांगतो, क्लब घराजवळच आहे, तिजोरी अशी लागते, परवानगीला इतके दिवस. "मी सगळं बघून ठेवलंय गं, तू फक्त ये." आवाजावरून कळतं, वाळलाय. डबा कुठून आणतो देव जाणे. माझा जीव तुटत नाही असं नाही.

आई म्हणते, "लायसन मिळालं, बंदूक घराबाहेर गेली, मग आता अडलंय कुठं? नवरा तिथं, तू इथं. तुझं घर तरी कुठलं म्हणायचं?" तिला काय सांगू? कोल्हापूरचं घर आबांबरोबर अर्धं गेलं. हे पोरिरुआचं घर भाड्यानं द्यायचं म्हणून त्याला रंग देऊन झालाय. ब्रिस्बेनच्या घराचे फोटो आलेत, मागे आंब्याचं झाड आहे. तिन्हींपैकी कुठलंही घर म्हणायला माझी हरकत नाही. मला आता एवढंच कळतं की 'कशी आहेस' या प्रश्नाला जिथे खरं उत्तर देता येतं ते घर, आणि ते उत्तर मी फार वर्षं एकाच माणसाला देत आले.

परवा सकाळपासून मला काहीच करावंसं वाटत नव्हतं. सईला शाळेत सोडून आले ती गाडीतच बसून राहिले, आबांची फार आठवण येत होती. तेवढ्यात त्याचा फोन आला.

"कशी आहेस?" त्यानं विचारलं.

"मजेत," मी म्हटलं. "तू?"