वास करंजाचा, नाव दादाचं

घाटघरच्या चढाला जीप बंद पडली की ड्रायव्हर माझ्या भावाला शिव्या घालत. आज आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

दोन हजार साल उलटल्यानंतरची ही गोष्ट. दादाने आंबेगाव तालुक्यात करंजाच्या तेलापासून बायोडिझेल करायचा छोटा कारखाना टाकला होता. बिया डोंगरातल्या बायका वेचून आणत. जुन्नरचा एक तेलवाला अधूनमधून त्याच्याकडून एखादा कॅन नेई आणि ‘करंजाचं मिसळलेलं डिझेल’ म्हणून जीपवाल्यांना ड्रममधून विके. पुढे जीपची इंजिनात डिझेल फवारणारी नोझलं चोंदायला लागली, तेव्हा या गृहस्थाने सरळ दादाकडे बोट दाखवलं. बघता बघता दादाची बाकीची गिऱ्हाइकंही तुटली.

आमच्याकडे तेलाची परीक्षा ठरलेली. थेंब तळहातावर चोळायचा आणि नाकाला लावायचा. जीपवाल्यांनी तेच केलं, करंजाचा उग्र वास आला, झाला निकाल! अरे, पण दादाचा माल धुऊन स्वच्छ केलेला. त्याला एवढा वास येतच नव्हता. हे सांगून सांगून आमची तोंडं दुखली.

मी तेव्हा पुण्यात एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. स्वतः जाऊन त्या ड्रममधलं तेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेतलं आणि साहेबांना विचारून मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासलं. हे यंत्र रेणूंची वजनं दाखवतं. बायोडिझेलचा रेणू हलका, कच्च्या करंज तेलाचा त्याच्या जवळजवळ तिप्पट जड. आलेखात बायोडिझेलच्या जागी काहीच नव्हतं. जड बाजूला मात्र रेघांची ही झुंबड! म्हणजे दादाचं बायोडिझेल त्या ड्रममध्ये नावालाही नव्हतं. स्वस्त पडतं म्हणून या चोराने घाण्यावरचं कच्चं करंज तेलच ओतलं होतं आणि तेच नोझलांत चिकटत होतं.

आलेख घेऊन मी तडक जुन्नरच्या जीपथांब्यावर गेले. सगळं समजावून सांगितलं. तेलवाला तिथेच पान चघळत हसत उभा होता. एक वयस्कर ड्रायव्हर म्हणाला, “ताई, मशिनीचं आमाला काय कळतंय? वास तर करंजाचाच व्हता ना? अन् तुमी पडल्या त्यांच्या बहीण. तुमी दुसरं काय सांगणार?”

माझं शिक्षण, ते यंत्र, सगळं एका नात्यापायी पाण्यात! मी तेलवाल्याला तिथेच चार शब्द सुनावले. लोकांनी मलाच गप्प केलं.

दादाने कारखाना बंद केला. पोती घेऊन आलेल्या बायकांना त्याला दारातून परत पाठवावं लागलं. तेलवाल्याने मात्र कच्चं तेल घालणं गुपचूप थांबवलं आणि दुकानावर पाटी लावली, ‘आमच्याकडे करंजाचं डिझेल मिळत नाही.’

पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा तोच ड्रायव्हर स्टँडवर भेटला. मोठ्या मायेने म्हणाला, “बघा ताई, करंज बंद झालं अन् गाडी कशी सुतासारखी सरळ आली! आमी म्हणत व्हतो ते खोटं व्हतं का?”

मी तोंड फिरवलं आणि भर स्टँडवर रडले. दुःखाने नाही, संतापाने.