सुमनला सांगितलेला व्यायाम

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. मालकांपाशी नाही — ते तर गेलेच — लेकापाशी नाही, आणि जिममधल्या नसरीनपाशी तर नाहीच नाही. तुमच्यापाशी बोलते. तुम्ही कुठं मला ओळखता?

हसू नका, पण साठी उलटल्यावर मी जिमला जायला लागले. इथंच नांदेडात, विष्णुपुरीच्या रस्त्याला, दुपारची बायकांची बॅच असते. शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले वजन उतरवा. मग काय, मी आधीच शहाणी! भाकरी बंद, वरण बंद, नुसतं लिंबूपाणी आणि पपई. आणि रोज, एकही खाडा न करता, ते हलके गुलाबी डंबेल घाम निथळेस्तोवर हलवत बसायचं. वजन उतरलं की. पण त्याच्यासंगं मीही उतरले. गॅसवरचा कुकर उचलताना हात लटलट कापायचा. गालफडं बसली. शेजारीण विचारायची, "काकू, बरं न्हाई का?"

नसरीन म्हणजे आमची मास्तरीण, माझ्या नातीच्या वयाची पोर. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"काकी, चरबी कमी आणि ताकदच जास्त जाऊन राहिली तुमची! वजन उतरवायचंय ना, मग तर जड उचलायला पाहिजे. आणि उपाशी कशाला मरून राहिल्या?"

"अगं, जड उचललं की बायकांचे दंड पुरुषावानी होतात म्हणे."

"या वयात? झाले तर मला पण सांगा हं, मी पण तेच करते."

तिनं सगळंच बदललं. एक दिवसाआड यायचं. वजनं लावलेला लोखंडी दांडा खांद्यावर घेऊन उठबशा, जमिनीवरनं दांडा उचलणं, डंबेल डोक्यावर नेणं — थोडंच, पण जड. मधल्या दिवशी निवांत बसायचं. ताटात अंडी, घट्ट वरण, दही. कात्री लावायची ती तेलाला आणि साखरेला. वजन हळू उतरलं, पण हातात बळ आलं. पुढं पुढं तर गव्हाचा कट्टा मी एकटी जिन्यावरनं वर न्यायला लागले.

तुम्ही म्हणाल, बाई हे कशाला सांगून राहिली? अशासाठी, की बरोबर काय आणि चूक काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या अंगावर भोगलेलं होतं. उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारीला कळलं नसंल.

आता सुमनचं सांगते. सुमन माझी धाकटी जाऊ, लातूरला असते. तिच्या दीपकचं बारसं होतं तेव्हाची गोष्ट. माझी पहिली पोर पाळण्यात असतानाच गेली होती, त्याला वर्षही झालं नव्हतं. आमच्यात बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात — तुमच्याकडंही असंल. तो धुवून, हळदकुंकू लावून, त्याला टोपडं मीच घातलं होतं. दोघी बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहतात, खालून एकीनं द्यायचा, वरून दुसरीनं — कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मी वरवंटा उराशी धरून वाकले. तोच सुमन बाजेवरनं बोलली, सगळ्या बायकांपुढं, गोड आवाजात:

"अक्का, तुम्ही राहू द्या. हातगुण असतो माणसाचा."

कुणीतरी माझ्या हातातनं वरवंटा काढून घेतला. सासूबाई पाळण्याची दोरी सारखी करत राहिल्या. मी आत गेले आणि घुगऱ्या वाटायला घेतल्या. काय करणार होते?

सुमन विसरली असंल. नक्कीच विसरली. दर दिवाळीला फराळाचा डबा धाडते मला. पण मी कशी विसरू? माझ्या ओंजळीला त्या दगडाचा गारवा अजून आठवतो.

मग इतक्या वर्षांनी, जिमनं माझी तब्येत सुधारल्यावर, कंधारला एका लग्नात ती मला भेटली. दीपकची बायको गरोदर होती. सुमननं मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"अगं बया! अक्का, तुम्ही तर निम्म्या झालात. आणि चेहऱ्यावर तेज काय! काय करून राहिलात?"

"जिमला जाते."

"मग मला सांगा की! बारशात पैठणी नेसायचीय, आणि हे पोट बघा, माझ्या पुढं चालतंय. लातूरला आमच्या गल्लीतच जिम हाय."

सांगितलं. मांडवात खुर्चीला खुर्ची लावून, तिचा हात हातात घेऊन सांगितलं. पण कोणतं? माझं पहिलं. भाकरी बंद. वरण बंद. रोज जायचं, हलकंच उचलायचं, घाम निघंस्तोवर. तिथली मास्तरीण जड उचलायला लावंल तर ऐकायचं नाही — दंड पुरुषावानी होतात. नसरीन ज्याला हसली, तेच मी वेदवाक्यासारखं सांगितलं. सुमन मान हलवत होती. माझ्यावर लई विश्वास तिचा.

मधी तिचा फोन यायचा. "अक्का, हातपाय गळून राहिलेत." मी म्हणायची, चरबी जाताना तसंच होतं. फोन ठेवून मी दह्याची वाटी घेऊन बसायची. गोड लागायचं — दही नाही, तिचं ऐकणं.

मला वाटलं होतं, चेहरा उतरंल, पैठणी लोंबंल, बायका कुजबुजतील, झालं. तेवढंच पाहिजे होतं. पण देवानं मला जास्तीचं वाढलं.

बारशाला आजी म्हणून वरवंटा घ्यायचा मान सुमनचा. बाळ सुनेच्या मांडीवर होतं. सुमन पाळण्याशी वाकली — आणि दगड सुटला तिच्या हातातनं. टोपड्यासकट. फरशीचा टवका उडाला. सुमन आपल्या हातांकडं बघत होती. नुसत्या काड्या झाल्या होत्या.

आणि मी बोलले. शब्द शोधावे लागले नाहीत, इतकी वर्षं ते तयारच होते.

"सुमन, तू राहू दे. हातगुण असतो माणसाचा."

मी पुढं झाले. वरवंटा एका हातानं उचलला. मग बाळही मीच घेतलं, खालून वर, वरून खाली. हात हलला नाही. सुमन आत गेली. घुगऱ्या तिनं वाटल्या.

इथं थांबले असते, तर? फिटलं म्हणून मोकळी झाले असते, तर तुम्हाला सांगायची वेळच आली नसती. पण रात गई बात गई माझ्याच्यानं झालं नाही.

ते पोर आता चालायला लागलंय. आजीपुढं येऊन हात वर करतं. सुमनला ते उचलवत नाही, मग ती फरशीवर बसते आणि त्याला बसल्या बसल्या कवटाळते. हे तिनंच मला परवा फोनवर सांगितलं. आवाज रडवेला होता.

"अक्का, उभं राहून कडेवर घ्यायचंय हो त्याला एकदा. व्यायाम बदलू का? इथली पोरगी म्हणते, जड उचला, डाळ खा."

खिडकीतनं ऊन आत आलं होतं. माझ्यापुढं ताट होतं, घट्ट वरण होतं. तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं.

"न्हाई," मी म्हणाले. "तिचं ऐकू नको. तेच चालू ठेव."

"हाव अक्का," सुमन म्हणाली. "तुम्ही म्हणता तसं."