पत्ता बदलल्यावर न उघडलेला स्कॅन

नाशिकच्या ज्या हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळते, तिथे शेजारी नवी इमारत उभी राहिली आणि सगळ्या यंत्रांचे नेटवर्कवरचे पत्ते नव्याने लावायचे ठरले. रविवारी ओपीडी बंद, म्हणून रविवार धरला. पेशंटचे जुने स्कॅन ज्या स्टोरेजमध्ये असतात, त्याच्या कंट्रोलरचा पत्ता मीच बदलला. नव्या पत्त्यावरून लगेच उत्तर आलं. तरी मन खात होतं. कंट्रोलरचं सुरक्षा सर्टिफिकेट अजून जुन्याच पत्त्याचं होतं. ते बघूनच स्कॅन देणारा सर्व्हर त्याच्यावर विश्वास ठेवतो, नाहीतर फाइल घेत नाही. मीटिंगमध्ये मी हे बोलले होते. "ते सोमवारी बघू," आमचे सर म्हणाले होते.

थोड्याच वेळात सीटी स्कॅनच्या खोलीतून टेक्निशियनचा फोन आला. "मॅडम, आजचे स्कॅन दिसतायत. जुना एकही उघडत नाही."

मी धावत खाली गेले. दाराबाहेर माझ्याच वयाची एक बाई उभी होती. नामपूरहून गाडी करून आईला घेऊन आली होती. आई पहाटे कांदे साठवायच्या चाळीत घसरून पडली, डोक्याला मार लागला. नव्या स्कॅनमध्ये मेंदूपाशी एक पांढरा डाग दिसत होता.

"ताजं रक्त असेल तर लगेच ऑपरेशन," सर्जन मला म्हणाले. "जुना डाग असेल तर हात लावायचा नाही. मागच्या वर्षी यांचा स्कॅन इथेच झालाय. तो दाखवा मला."

त्या स्कॅनची फिल्म घाईत घरीच राहिली होती. मुलीने माझा दंड धरला. "ताई, मायना जुना फोटो तठे शे ना?"

माझं आजोळ सटाण्याकडचं. अहिराणी समजते, बोलता येत नाही. "आहे," मी म्हणाले. "नक्की आहे."

वर येऊन सरांना फोन लावला. ते म्हणाले, "अगं, तपासणीच बंद कर ना. सर्टिफिकेट न बघता फाइल घेऊ दे. उद्या परत चालू करू."

आधीच्या नोकरीत अशीच एक तपासणी तात्पुरती म्हणून बंद केलेली मी पाहिली होती. ती परत चालू करायचं कुणालाच सुचलं नाही, आणि त्याच वाटेने बाहेरचं कुणीतरी आत शिरलं. सगळ्या फाइली कुलूपबंद झाल्या होत्या.

"नको सर. नवीन सर्टिफिकेट बनवते, लगेच होईल."

मला खरंच तसं वाटत होतं. नव्या पत्त्याचं सर्टिफिकेट बनवलं, कंट्रोलरवर चढवलं, सर्व्हरला ओळखून घ्यायला लावलं. स्कॅन उघडेना. पुन्हा केलं. पुन्हा तोच नकार. टेक्निशियनचा परत फोन. "मॅडम, डॉक्टर आता थांबत नाहीत. पेशंटला वर नेतायत."

तपासणी बंद करायचं बटण समोरच होतं. मी माऊस त्याच्यावर नेलाही. तेवढ्यात डोक्यात आलं, स्कॅन देणारे सर्व्हर दोन आहेत. दुसरा अजून जुनंच सर्टिफिकेट धरून बसला होता. त्याच्यातून ते काढलं, नवं घातलं, सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू केली. पडद्यावर मागच्या वर्षीचा स्कॅन आला.

ऑपरेशन थिएटरमध्ये फोन कुणी उचलेना. मी जिना चढत पळाले आणि दारातूनच ओरडले, "उघडला, जुना स्कॅन उघडला!" सर्जननी बाहेरच्या कॉम्प्युटरवर दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावली. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तोच आहे. तेवढाच आहे. थांबवा."

आई स्ट्रेचरवर होती. अर्धं डोकं भादरलेलं, अर्ध्यावर अजून लांब वेणी. नर्सने कापलेले केस प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुलीच्या हातात दिले. तिने ते घेतले आणि हसत-रडत तिथेच जमिनीवर बसली.

दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "बंद केलं असतंस तर बाईचे केस तरी वाचले असते."

"आणि परत चालू कधी केलं असतं, सर?"

पण त्यांचं वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की मी केलं तेच बरोबर. फक्त दुसरा सर्व्हर मला आणखी थोड्या वेळाने आठवला असता तर? या प्रश्नाशी आले की मी पुढे जाऊ शकत नाही.

दुपारी वॉर्डात गेले. आईने डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतला होता. मुलीने माझे दोन्ही हात धरले. "तुमी फोटो शोधी दिधा, ताई."

उशीर कशामुळे झाला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. "आई जेवल्या का?" एवढंच विचारलं.