पाचटाखालची ओल

आज शेवग्याखालचं पाचट उचललं, ओल्या मातीचा वास आला आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा मे महिना आठवला. विहीर आटली होती. आंबा-शेवग्याची रोपं जगावीत म्हणून मी बुंध्याशी उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेला वाळका पाला, अंथरलं होतं. आमच्या बोरी गावात तेव्हा सगळे पाचट पेटवायचे. सासूबाई काडेपेटी घेऊनच आल्या.

“रानात कचरा घालतीस? बाया मला हसत्यात.”

“आत्याबाई, आधी खाली हात घालून बघा.”

त्यांनी हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“लई गार हाय गं.”

दुसऱ्या दिवशी त्या शेजारणीकडून पाचटाचा भारा डोक्यावर घेऊन आल्या. हसणाऱ्यांच्याच दारात त्या माझ्यासाठी मागायला गेल्या होत्या. त्याचं मोल आज कळतं; तेव्हा मी मात्र नुसता भारा उतरवून घेतला आणि कामाला लागले.