माझ्या मापाचे जपानी बूट

माझे पाय मोठे आहेत. लहानपणी आई म्हणायची, "हिला चपला नकोत, होडीच घेऊन द्या." लग्न झालं ते लहान पायांच्या माणसाशी. दोघांचं माप एकच निघालं. दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा सकाळी दुधाच्या बूथवर मी ह्यांच्याच चपला अडकवून जायची आणि हे दारात उभे राहून ओरडायचे, "अगं, माझ्या पायातलं तरी मला ठेव!"

हे केंद्र सरकारच्या एका खात्यात इंजिनियर होते. खात्यानं त्यांना ट्रेनिंगला जपानला पाठवलं. त्या काळी परदेशातून येणारा माणूस टेपरेकॉर्डर आणायचा, कॅमेरा आणायचा, निदान साड्या तरी आणायचा. शेजारच्या बायका बॅग उघडायच्या आधीच येऊन बसल्या होत्या. बॅगेतून निघाले बूट. काळे, नाडीचे, ऑफिसात घालायचे.

"एवढ्या लांबून हे आणलंत?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"हात लावून बघ तरी."

"बुटांना काय हात लावायचा?"

बायका हसल्या आणि चहा पिऊन गेल्या. मग ह्यांनी मला बूट उलटे करून दाखवले. बुटाच्या कडेनं चामड्याची एक पट्टी फिरत होती. वरचं चामडं त्या पट्टीला शिवलेलं, खालचा तळही त्या पट्टीलाच शिवलेला. तळ झिजला की तेवढाच उसवून नवा घालायचा, वरच्या चामड्याला धक्का नाही. टाके इतके सारखे की मी शिवणकाम करणारी बाई, मलाही खोट काढता येईना. आतून सगळं चामड्याचं अस्तर. खिळा कुठे दिसेना.

"आणि दुकानदारानं मला हवं ते माप दिलंच नाही," हे म्हणाले. "दोन्ही पाय वेगवेगळे मोजले. मी सैल मागत होतो. तो मान हलवत राहिला. टाच आत हलली तर बूट तुमचा नाही, असं त्यानं खुणेनं सांगितलं. शेवटी एक नंबर लहान घेतला."

हे मला पटायला वेळ लागला. आपल्याकडे घेताना एक नंबर मोठाच घेतात. मुलाला घेताना पुढे होतील म्हणून, मोठ्या माणसाला घेताना हिवाळ्यात मोजे घालतील म्हणून. करोल बागेतला दुकानदार स्वतःच सांगायचा, "थोड़ा खुला ले लो, बहनजी, आराम रहेगा." मग पुढे कापूस कोंबायचा आणि फटाक फटाक चालायचं. अख्खी दिल्ली अशीच चालते.

हे बूट ह्यांनी कपाटात ठेवले नाहीत. मीच ठेवू दिले नाहीत. समारंभाला घालीन म्हणत होते. मी म्हटलं, आणलेत तर घाला, नाहीतर परत करून या. ऑफिसला एक दिवस हे, एक दिवस साधे, असं चालू झालं. पावसात भिजले की आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवायची, उन्हात कधी नाही. पॉलिश मी करायची, कारण हे भिंतीला चुना लावल्यासारखं पॉलिश लावायचे. नवे होते तेव्हा इथले बूट त्यांच्यापेक्षा जास्त चमकायचे. वर्षभरात इथल्यांच्या बोटांपाशी भेगा पडायच्या. जपान्यांवर बारीक सुरकुत्या आल्या, भेग आली नाही. तळ झिजले, बदलले, पुन्हा झिजले, पुन्हा बदलले. ह्यांनी नोकरी संपवली ती ह्याच बुटांत.

द्वारकेच्या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि काही वर्षांनी तिथेच हे गेले. तेराव्याच्या दानात छत्री आणि पायातलं देतात. माझ्या थोरल्या नणंदेनं जपानी बूट काढून गुरुजींपुढे ठेवले.

"त्याची आवडती वस्तू द्यायला हवी," त्या म्हणाल्या.

"वन्सं, गुरुजींचे पाय बघा."

गुरुजींनी पाऊल घालून पाहिलं. निम्मं बाहेर. "काकू, मला साध्या चपलाच चालतील," ते म्हणाले. चपला मी आणून ठेवल्याच होत्या. बूट परत कपाटात गेले. मुलाला तर मुळीच येणार नव्हते, त्याचे पाय माझ्या बापावर गेलेत.

मी एकटी राहू लागले. मुलगा फरीदाबादला कारखान्यात मॅनेजर. बायको, मुलगी, मोठं घर. त्यानं एकदा माझ्यासाठी मऊ चपला मागवल्या, पाय आत सरकवायच्या. "आई, मुद्दाम एक नंबर मोठ्या घेतल्यात, तुझ्या पायाला आराम." मी घातल्या. बाजारातून परत येताना फुटपाथवर चप्पल पुढे गेली आणि मी मागे राहिले. मनगट मोडलं.

प्लास्टर घालून आणल्यावर मुलगा म्हणाला, "बास झालं. आता फरीदाबादला चल. फ्लॅट भाड्यानं देऊ."

"मोडलाय हात. पाय नाही."

"पुढच्या वेळी कंबर मोडेल."

"पुढच्या वेळी तुझ्या चपला नसतील."

तो चिडला. सुनेनं मधे पडून सांगितलं, "आई, तुमची खोली तयारच आहे. टीव्हीसुद्धा लावलाय." खोली चांगली होती, मी पाहिली होती. पण त्या घरात चहा कधी करायचा हेसुद्धा मला विचारून घ्यावं लागलं असतं. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या वेळा सांभाळण्यात गेलं. आता कुठे घर माझ्या वेळेवर चालत होतं. ते मी सोडणार नव्हते.

शेवटी मीच अट घातली. प्लास्टर निघाल्यावर मी एकटी मेट्रोनं फरीदाबादला जेवायला येईन. आले नीट, तर हा विषय बंद. पडले, अडखळले, कुणाला फोन केला, तर सामान बांधते.

"बघ हं," मुलगा म्हणाला. "मग रडायचं नाही."

"रडतंय कोण?"

प्लास्टर निघालं आणि मी कपाटातून बूट काढले. पॉलिश केलं. पातळ मोजे घालून पाय आत घातला आणि नाड्या ओढल्या. टाच हलली नाही. तळ मात्र गुळगुळीत झाले होते. मेट्रो स्टेशनखालच्या मोच्याला सांगितलं, रबराचा तळ घाल. तो म्हणाला, "चिपका देता हूँ, माताजी." मी म्हटलं, सिलना पड़ेगा, आणि शिवून होईपर्यंत तिथेच बसून राहिले. मग रोज संध्याकाळी सोसायटीच्या बागेत फेऱ्या. साडी दोन बोटं वर, खाली काळे बूट. समोरच्या ब्लॉकमधली पंजाबीण बाकावरून ओरडली, "आंटीजी, फौज में भर्ती हो गईं क्या?"

"हो गई. तू भी चल, पेट कम होगा."

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याबरोबर चालू लागली.

रविवारी निघाले. द्वारकेहून गाडीत जागा मिळाली. मंडी हाऊसला गाडी बदलायची असते. तिथे नुकतीच फरशी पुसली होती. माझ्यापुढचा एक तरुण माणूस घसरता घसरता खांबाला धरून उभा राहिला. मी सावकाश पलीकडे गेले. मग डावा पाय सैल वाटला. नाडी सुटली होती. मनगटात जोर नव्हता, आणि वाकले की चक्कर येते. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "दादी, मैं बाँध दूँ?"

मुलगी चांगली होती. पण अट माझी होती. "नहीं बेटा," म्हटलं आणि बाकावर पाय ठेवला.

गार्डनं शिट्टी वाजवली. "माताजी, पैर नीचे!"

"बाँध के करती हूँ," मी म्हटलं. तो पुन्हा शिट्टी वाजवायला लागला तेव्हा असे डोळे वटारून पाहिलं की त्यानं शिट्टी खिशात टाकली. उजव्या हातानं ओढलं, डाव्यानं धरलं. मनगट ठणकलं. पहिली गाठ सुटली, दुसरी बसली. दोन फास. मग दुसऱ्या बुटाचीही गाठ घट्ट केली आणि पुढची गाडी धरली.

फरीदाबादला मुलगा स्टेशनच्या दाराशी उभा होता. मी जिना उतरताना तो माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होता.

"हे बाबांचे ना?"

"होते. आता माझे आहेत."

घरापर्यंत चालतच गेलो. तो दोन वेळा दंड धरायला आला, दोन्ही वेळा मी पिशवी त्याच्या हातात दिली. दारात बूट काढून रॅकवर ठेवले. शेजारी त्याचे नवे बूट होते, पुढून तोंड उघडलेले. सुनेनं दोन्ही जोड पाहिले आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमचे गेल्या दिवाळीचे ना हो?"

जेवण चांगलं होतं. वांग्याची भाजी जरा गोड झाली होती, ते मी सांगितलं. चहानंतर मुलगा उठला. "चल, गाडीनं सोडतो."

"विषय बंद झालाय ना?"

"झाला, आई."

"मग गाडी कशाला? ते स्टूल जरा इकडे सरकव, मला पाय वर ठेवायचाय."

त्यानं स्टूल सरकवलं. मी नाड्या बांधल्या आणि दिवेलागणीच्या आत माझ्या घरी पोचले.