चार सूत

ती गाडी मी तिच्याकडे पाठ करून विकत घेतली. निपाणीतल्या तंबाखूच्या एका जुन्या वखारीत ती उभी होती आणि मी मालकाच्या मुलाशी छपराच्या पत्र्यांबद्दल घासाघीस करत होतो. पत्रे मला नकोच होते. ज्या वस्तूवर आपला जीव आहे, तिच्याकडे सौदा संपेपर्यंत बघायचं नाही, ही माझी शिस्त. अपघाताच्या गाड्यांचे सुटे भाग डोक्यावर वाहण्यापासून बेळगावात स्वतःची शेड उभी करेपर्यंत मला तीच उपयोगी पडली. निघता निघता विचारलं, ते मागचं धूडपण उचलू काय? तो हो म्हणाला. तेव्हाही मी वळलो नाही, पण हिवाळ्यातलं ऊन पाठीवर यावं तशी ती मला जाणवत होती.

तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ट्रकवर क्लीनर होतो. वखारीत दुपारच्या तिरिपीत तंबाखूची धूळ तरंगत होती आणि मी पोत्यांवर बसून एकामागून एक शिंका देत होतो. त्या धुळीतून ती बाहेर आली. दोनच दारं, लांब नाक, मागे उताराला लागलेलं छप्पर, रंग पिकलेल्या जांभळासारखा. वखारीचे शेठजी स्वतः चालवत होते. आवाज असा नव्हताच. ती फाटकातून वळली, धूळ पुन्हा जागेवर आली, आणि खरंच काही गेलं की मला भास झाला, ते कळेना. पुढे कित्येक वर्षं ती अशीच अधूनमधून माझ्या डोळ्यांपुढून जात राहिली. जेवताना, भाव करताना, कुणाशी भांडतानासुद्धा.

माझ्या शेडमध्ये आली तेव्हा तिचं पेट्रोल इंजिन पार जाम झालेलं होतं आणि त्याचे भाग मिळण्यासारखे नव्हते. मी डिझेल बसवायचं ठरवलं. तवंदी घाटात उलटलेली एक नवीकोरी गाडी मी त्याच सुमारास उचलली होती. तिच्या पत्र्याचा चुरा झाला होता, पण इंजिनाला ओरखडाही नव्हता. आजकालच्या या इंजिनांना कॉम्प्युटर असतो. म्हणून इंजिनाबरोबर त्याची सगळी वायरिंग, मीटर, पेडल आणि किल्लीही मी उचलून आणली. त्या कॉम्प्युटरला वाटलं पाहिजे की आपण अजून आपल्याच घरात आहोत. घर बदललंय हे त्याला कळू द्यायचं नाही. आमच्या सीमाभागात हे काही फार अवघड काम नव्हे.

नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची तोंडं मात्र जुळत नव्हती. मध्ये एक जाड लोखंडी प्लेट लागणार होती, आणि अशी प्लेट करणारा माझ्या माहितीत एकच माणूस होता. उद्यमबाग या आमच्या कारखान्यांच्या वसाहतीतला टर्नर. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, कानडी शाळेत शिकलेला. मी त्याला अण्णा म्हणायचो. माझी शेडही नव्हती तेव्हापासून तो माझी कामं करून देत होता. मी दोन्ही तोंडांचा साचा जाड पुठ्ठ्यावर कापला, भोकं पाडली, वर मार्करनं जाडी लिहिली आणि त्याच्याकडे पाठवून दिला. आमच्याकडे इंचाचे आठ भाग करतात, एकेका भागाला सूत म्हणतात. मला अर्धा इंच हवा होता. मी लिहिलं: ४ सूत.

प्लेट आली ती एक इंचाची.

ती हातात घेतानाच जड लागली होती, पण उतावळेपणात मी बसवायला गेलो. गिअरबॉक्सचा दांडा इंजिनाच्या टोकातल्या बेअरिंगमध्ये शिरायला हवा. तो अर्धा इंच अलीकडेच थांबला. मी प्लेट काढली, टेम्पोत टाकली आणि उद्यमबागेत जाऊन त्याच्या कारखान्याच्या दारातच सुरू झालो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याची गिऱ्हाइकं उभी होती, शेजारच्या फाउंड्रीतली माणसं बाहेर आली. तो लेथ बंद करून ऐकत राहिला. माझं संपल्यावर एवढंच म्हणाला, "तू जे लिवलास तेच मी केलो."

त्यानंतर सहा वर्षं आम्ही बोललो नाही.

जास्तीचं लोखंड उतरवणं हे तासाभराचं काम होतं. पण त्याच्याकडे मी जाणार नव्हतो, आणि दुसऱ्याकडे नेली असती तर त्याची चूक मी निस्तरल्यासारखं झालं असतं. प्लेट शेडच्या कोपऱ्यात पडून राहिली. गाडीवर निळी ताडपत्री घातली. सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारी विमानं शेडवरून खाली यायची, तेव्हा ताडपत्री क्षणभर शहारायची आणि आतलं कुणीतरी कूस बदलतंय असं वाटायचं. कधी दुपारी जेवण झाल्यावर मी ताडपत्रीखाली शिरून सीटवर बसायचो. आत सगळा निळा उजेड, तळ्याच्या बुडाशी बसल्यासारखा. तंबाखूचा वास अजून गेला नव्हता. स्टिअरिंगवर हात ठेवून मी गाडी चालवायचो. हिंडलगा मागे जायचा, रस्ता चढू लागायचा, जांबोटीच्या अलीकडे झाडं दोन्ही बाजूंनी वाकून जवळ यायची. आणि गंमत म्हणजे शेजारच्या सीटवर दर वेळी अण्णाच बसलेला असायचा. मी त्याला तिथून उतरवायचा खूप प्रयत्न केला. उतरायचा नाही.

साचा मी भिंतीवर खिळ्याला अडकवून ठेवला होता. पुरावा म्हणून. शेडवर कुणीही आलं की मी त्याला तिथे नेऊन उभा करायचो आणि म्हणायचो, वाचा, काय लिहिलंय? तो वाचायचा, चार. मग मी प्लेट दाखवायचो. तो च्च च्च करायचा. सहा वर्षांत असे कितीतरी साक्षीदार झाले. सगळे माझ्यासारखेच मराठी शाळेत पाटीवर धडे गिरवलेले, हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

बायको शेडमध्ये सहसा येत नाही, तिला ग्रीसचा वास सोसत नाही. तिचं माहेर गोकाककडचं, शिक्षण सगळं कानडीत. गेल्या वर्षी एकदा मी फोन घरी विसरलो होतो, तो द्यायला ती आली. मी कुणाला तरी ती हकीकत सांगून नुकताच मोकळा झालो होतो, अंगात अजून ऊब होती. तिलाही भिंतीपुढे उभं केलं. म्हटलं, वाच.

ती म्हणाली, "आठ."

मी म्हटलं, चष्मा लाव.

"लावलाय की. आठ सूत." मग जवळ जाऊन तिनं बोट फिरवलं आणि हसायला लागली. "अहो, हा तुमचा चार होय. आमचे आकडे शाळेपासून इंग्रजी, तुमचा चार मला पहिल्यापासून इंग्रजी आठच दिसतोय. लग्नानंतरच्या संक्रांतीला तुमची यादी बघून मी आठ किलो तीळ आणलेली, आठवतंय न्हवं? त्या दुकानदाराशी भांडून आलतासा तुम्ही."

आठवत होतं. त्या दुकानदाराकडे मी अजून जात नाही.

ती गेल्यावर मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसलो. डोळे किलकिले केले की तो चार व्हायचा, सैल सोडले की वरच्या दोन शेपट्या जवळ येऊन आठ व्हायचा. शेवटी कुठला खरा ते मला सांगता येईना. संध्याकाळच्या आत मी प्लेट आणि पुठ्ठा टेम्पोत टाकून उद्यमबागेत गेलो.

अण्णा थकला होता. केस पांढरे, चष्म्याला दोरी. मला बघून त्यानं लेथ बंद केला, सहा वर्षांपूर्वी केला होता तसाच, आणि बहुधा तसंच काहीतरी ऐकायची तयारी ठेवून उभा राहिला. मी पुठ्ठा पुढे धरला. म्हटलं, हा आमचा चार आहे, तुमच्यात तो आठ दिसतो असं आज कळलं. यापेक्षा जास्त नमतं घ्यायची मला सवय नाही. पण तेवढ्यावर थांबायचीही नाही, म्हणून पुढे म्हणालो, "पण आठ सूत कोण लिवतंय अण्णा? आठ सूत म्हंजे सरळ एक इंच. तुला तवाच शंका याय पायजे होती."

"आलती की," तो म्हणाला.

"मग इचारलास का न्हाईस?"

त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुला इचारायचं म्हंजे लई कठीण रं. तू एक तर भाव करतोस, न्हाईतर वरडतोस. म्हटलं, लिवलाय तसं करून देऊ या, गप बसंल."

मी त्याच्या दारात काय काय बोललो होतो ते दोघांनाही आठवत होतं. ते त्यानं काढलं नाही. मला वाटतं, त्यानं काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी प्लेटवर हात ठेवला आणि म्हटलं, जास्तीचं लोखंड चार सूत आहे. दोन सूत चूक तुझी, दोन माझी.

"एक माझी. तीन तुझी."

मी अडीच म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यानं प्लेट लेथवर चढवून मोटर चालू केली होती. त्या आवाजात काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. लोखंडाच्या निळसर कुरळ्या पट्ट्या खाली पडत राहिल्या आणि मी उभ्या उभ्या त्यांच्याकडे बघत राहिलो.

पुठ्ठा त्यानं ठेवून घेतला. आता तो त्याच्या भिंतीवर आहे. त्याच्याकडे येणाऱ्यांना तो वाचायला लावतो, आणि ते सगळे आठ वाचतात.

दांडा या वेळी बेअरिंगमध्ये असा गेला की हाताला कळलंसुद्धा नाही. बाकीची कामं आणि कागदपत्रं यांत पावसाळा गेला. एका सकाळी किल्ली फिरवली, त्या उलटलेल्या गाडीचीच किल्ली, आणि इंजिन एका दमात बोललं. काही विचारलं नाही, आपण कुठे आहोत म्हणूनसुद्धा. मी उद्यमबागेत जाऊन दार उघडून धरलं. अण्णाला वाकून आत बसायला बराच वेळ लागला.

जांबोटीच्या रस्त्याला धुकं होतं. झाडं ताडपत्रीखाली यायची तशीच जवळ आली, जरा उशिरानं, आणि खरीखुरी ओली. आवाज मात्र शेठजींच्या वेळचा नव्हता. पुढच्या नाकातून एक जाड, समाधानी घरघर येत होती. अण्णानं डॅशबोर्डवर पंजा टेकवला होता, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. डोळे मिटलेले होते. झोपला असावा.

"अडीच," मी हळूच म्हणालो.

"तीन," तो डोळे न उघडता म्हणाला.