गोळी चहाबरोबर घेऊ नये

आमच्या उपकेंद्रात लोहाच्या गोळ्यांचा स्टॉक अधूनमधून संपतो. किस्स्यांचा कधीच नाही! मी आरोग्यसेविका. आधी पेणच्या खाडीपट्ट्यात होते, आता रोह्याकडे, निडीच्या बाजूला. गाव बदललं, बायकांचं रक्त तेवढंच कमी!

*

पेणला एका गरोदर पोरीला बजावलं, "चहाबरोबर गोळी घ्यायची नाही, अंगी लागत नाही." महिन्याने विचारलं, "काय गो, चहा सोडलास ना?"

"नाय बाई. गोळी सोडली!"

*

दुसरी हुशार. गोळ्यांची रिकामी पाकिटं आणून दाखवायची. हिमोग्लोबिन मात्र आठावरून हलेना. एकदा घरीच गेले. दारात जास्वंद अशी काही फुललेली! मी बघतच राहिले, तर लाजून म्हणते, "तुमच्याच गोळ्या, बाई!"

*

धाटावच्या कारखान्यात शिफ्ट करणारा एक नवरा. बायकोला आठवा महिना, हिमोग्लोबिन सात. म्हटलं, ॲडमिट करावं लागेल.

"घाबरू नका मॅडम. माझं चौदा हाय! कंपनीत चेकअप झाला."

"वा! मग बाळंतपण तुम्हीच उरका!"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून बायकोला दवाखान्यात घेऊन गेला बिचारा.

*

मग जिल्ह्याहून साहेब आले. ॲनिमियावर तासभर भाषण. साहेब पंख्याखाली, गरोदर बायका उन्हात, तेही उपाशीपोटी. एक चक्कर येऊन पडली. साहेब खूश!

"बघा, हाच तो ॲनिमिया! फोटो काढा!"

*

पेणला मिठागरावर राबणारी वनिता तपासणीला यायची ती सासूबरोबर. प्रश्न मी वनिताला विचारायचे, उत्तर सासू द्यायची.

"पोटभर जेवतेस ना?"

"जेवते तर! सगळ्यांचं आटोपलं की उरलेलं सगळं तिचंच!"

तिला मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं होतं. पण कळा सुरू झाल्या आणि गाडी येईपर्यंत बाळ थांबेना. आमच्याकडेच बाळंत झाली. मुलगी.

बाळ वनिताच्या छातीवर ठेवलं, नाळ लगेच कापली नाही. सासू शेजारीच उभी.

"काप की गो! कोणाची वाट बघतेस?"

"दोन मिनिटं थांबलं की वारेतलं रक्त बाळाला मिळतं. पुढे लोह कमी पडत नाही."

"पोरगीच हाय ना? मंग काप!"

वनिताने मान वर केली. नऊ महिन्यांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"बाई, थांबा. इथं तरी तिला आधी जेवू द्या."